पाठीचा संधिवात आणि फिजिओथेरपी: या चुका टाळा

पाठीच्या संधिवातासाठी फिजिओथेरपी घेऊन आलेल्या माणसाला विचारा, काय काय केलं? उत्तर ठरलेलं असतं: "दहा दिवस मशीन लावली, काही फरक पडला नाही." आणि व्यायाम? "सांगितले होते की दोन-चार."

इथंच सगळं बिघडतं. शेक, टेन्स आणि आयएफटी (सौम्य विजेच्या मशीन), अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींची मशीन) या गोष्टींनी आखडलेपणा थोडा सैल होतो, ठणका तात्पुरता कमी होतो. तेवढ्या उसंतीत व्यायाम करून घ्यायचा असतो. पोटाचे, पाठीचे आणि कुल्ल्यांचे स्नायू बळकट करणं हे काम कुठलीच मशीन करत नाही. ते आपल्यालाच करावं लागतं आणि त्याला निदान सहा ते आठ आठवडे लागतात. इंजेक्शनाचा कोर्स संपतो तसा हा कोर्स संपत नाही. दुखणं थांबलं म्हणून व्यायाम सोडला की दोन-तीन महिन्यांत माणूस पुन्हा दवाखान्याच्या बाकावर दिसतो.

"मणक्यात गॅप आहे" म्हणून पडून राहणं

मणक्यांच्या मागच्या बाजूला दोन-दोन छोटे सांधे असतात. वय वाढतं तशी दोन मणक्यांमधल्या चकतीतलं पाणी कमी होतं, भार या सांध्यांवर येतो आणि त्यांची कुर्चा झिजते. ही झीज व्यायामानं भरून येत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पण झीज दिसली म्हणजे दुखणारच, असंही नाही. पन्नाशी ओलांडलेल्या, पाठीची काहीही तक्रार नसलेल्या कित्येकांच्या एक्स-रेत ती दिसते. तेव्हा फिल्म पाहून घाबरू नका. फार दुखत असेल तर एक-दोन दिवस आराम करा, त्यानंतर घरातल्या घरात का होईना, चालायला लागा. पडून राहिलं की स्नायू लवकर ढिले पडतात.

पट्ट्याचंही तेच. एसटीचा खडखडाटी प्रवास किंवा एखादं जड काम असेल तेवढ्यापुरता बांधा. दिवसभर बांधून ठेवला की कंबर त्याच्याच भरवशावर राहते.

बाजेवर व्यायाम

हा प्रकार आपल्याकडे फार. उताणं झोपून, गुडघे मोडून, तळपाय टेकवून कुल्ले वर उचलायचा व्यायाम घ्या. बाजेवर कंबर आधीच खाली लोंबलेली असते. त्यात उचलायला गेलं की पाठीची कमान होते, मांडीच्या मागे गोळा येतो आणि माणूस म्हणतो, व्यायामानंच दुखणं वाढलं. जमिनीवर सतरंजी नाहीतर वाकळ अंथरा. पोट हलकंसं आत घ्या, कुल्ले सावकाश उचला, पाच आकडे मोजून खाली आणा. आकडे मोठ्यानं मोजा, म्हणजे श्वास कोंडला जात नाही. बीपीच्या माणसांनी तर हे पाळायलाच हवं. उठताना सरळ उसळी मारू नका, आधी कुशीवर वळा आणि हाताचा रेटा देऊन बसा.

व्यायामानंतर अंग एखादा दिवस ठणकलं तर चालतं. दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलंच असेल तर संख्या निम्मी करा. पण कळ कुल्ल्यातून पायात उतरली किंवा मुंग्या आल्या, तर तो व्यायाम तिथंच थांबवा आणि फिजिओथेरपिस्टला सांगा.

शेजाऱ्याचा व्यायाम आपल्याला

मोबाइलवर बघून भुजंगासन करणारे पुष्कळ आहेत. कुणाला त्यानं आराम पडतो, हे खरं. पण साठी उलटलेली व्यक्ती, थोडं चाललं की पाय बधिर होतात, बसलं किंवा पुढं झुकलं की मोकळं वाटतं, अशा माणसाची नसांची वाट बहुधा अरुंद झालेली असते. मागं वाकलं की ती आणखी आवळते. त्याला गुडघे छातीशी घेण्याचे व्यायाम जास्त मानवतात.

तरुण पोरांचं दुखणं अजून वेगळं. झिजेचं दुखणं कामानं वाढतं आणि आरामानं कमी होतं. याउलट पंचविशी-तिशीतल्या पोराची पाठ पहाटे दुखून झोपमोड होत असेल, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेली राहत असेल आणि हालचाल केल्यावर सुटत असेल, मधूनच डोळा लाल होऊन दुखत असेल, तर तो अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे झिजेचा नव्हे तर मणक्यांना सूज आणणारा संधिवात असू शकतो. त्याला संधिवाततज्ज्ञाकडे न्या. औषधं लागतीलच. सोबत पाठ सरळ ठेवण्याचे आणि छाती फुलवण्याचे व्यायाम त्याला जन्मभर करायचे आहेत.

सुगीत व्यायाम बंद

सोयाबीनची काढणी आली, पाठोपाठ कापसाची वेचणी आली की व्यायाम सुटतो. ज्या दिवसांत कमरेवर सगळ्यात जास्त ताण, त्याच दिवसांत. सगळे जमत नसतील तर दोनच करा, पण रोज करा.

वेचणीत कमरेला बांधलेली ओटी भरत जाते तसा सगळा भार पुढं ओढतो. मजुरी किलोवर, म्हणून फेरा वाचवायला बाया ती गच्च भरतात. अर्धी झाली की रिकामी करा. पातीच्या टोकाला ओटी सोडून कमरेवर हात ठेवा आणि चार-पाच वेळा हलकेच मागं झुका. चालताना पाय बधिर होणाऱ्यांनी मात्र मागं न झुकता बांधावर बसून पुढं वाकावं.

रात्रीतून चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणून उठल्यावर पहिला अर्धा-एक तास वाकून कामं करणं सगळ्यात वाईट. आणि आपल्या घरातल्या बायांचं झाडणं, सडा, पाण्याच्या घागरी, सगळं नेमकं त्याच वेळी. लांब दांड्याचा झाडू आणा. घागर पोरांनी, नवऱ्यानं उचलावी. घरच्यांनी एवढं केलं नाही तर नुसत्या व्यायामानं तिची पाठ सुधारायची नाही.

गाव लांब असेल तर रोज मशीनसाठी खेटे घालू नका. जिल्हा रुग्णालयात किंवा संभाजीनगरच्या घाटीसारख्या सरकारी रुग्णालयात एकदा व्यायाम नीट शिकून घ्या. तुम्ही करत असताना सोबतच्या माणसाला मोबाइलवर शूट करायला सांगा आणि पंधरा दिवसांनी चुका दुरुस्त करून घ्या.

नाव-गाव नसलेल्या पुड्या घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि त्यानं हाडं ठिसूळ होतात. दुखण्याच्या गोळ्याही मनानं घेऊ नका. उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या किडनीला जड जातात.

आणि काही वेळा व्यायाम करायचाच नसतो. रोज संध्याकाळी ताप, वजन उतरत चाललंय आणि पाठ रात्रीही थांबत नाही, तर आधी मणक्याचा टीबी आहे का ते तपासून घ्या. पाऊल उचलता येईना, चप्पल पायातून निसटतेय, जांघेत बधिरपणा आलाय, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर चोळणं, शेकणं, मणका मोडून घेणं काहीही करू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात पोहोचा.