बिझनेस फेस्ट भरवताय? निदान या चुका टाळा

डिसेंबर उजाडला की मुंबई-पुण्याच्या कॉलेजांत बीएमएस, बीकॉमच्या फेस्टची धावपळ सुरू होते. कोअर टीम दरवर्षी नवी, चुका मात्र त्याच. थीम, टीझर आणि टी-शर्ट यांत दोन महिने जातात. पैशांचा आणि वेळेचा हिशेब शेवटच्या आठवड्यात होतो, तोही अंदाजाने, आणि फेस्ट नेमका तिथेच कोसळतो.

तोंडी ‘हो’ म्हणजे पैसे नव्हेत

कंपनीतला माणूस फोनवर म्हणतो, ‘प्रपोजल पाठवा, करू काहीतरी.’ मार्केटिंगची मुलं लगेच एक्सेलमध्ये ५०,००० लिहून मोकळी होतात. त्या आकड्यावर मंडपवाल्याला ॲडव्हान्स जातो, बक्षिसाची रक्कम पोस्टरवर छापली जाते. जानेवारीत त्या माणसाची बदली होते. नव्या माणसाला यातलं काहीच माहीत नसतं आणि दाखवायला तुमच्याकडे एक ओळही नसते.

फोन ठेवला की त्याच दिवशी तीन ओळींचा मेल टाका: रक्कम किती, बदल्यात कंपनीला काय मिळणार (स्टॉल, स्टँडी म्हणजे उभा बोर्ड, बॅकड्रॉपवर म्हणजे स्टेजमागच्या पडद्यावर लोगो), पैसे कधी येणार. उत्तर आलं तरच ती रक्कम ‘लेखी’ या रकान्यात जाते. रकाने तीनच ठेवा: बोलणी, लेखी, खात्यात. खर्च ठरवताना ‘खात्यात’ पूर्ण धरा, ‘लेखी’ निम्मी धरा आणि ‘बोलणी’ शून्य. मुलांना हे फार भित्रं वाटतं, पण मोठ्या कंपन्यांत व्हेंडर म्हणून नोंद होण्यातच दोन-तीन आठवडे जातात आणि बिल दिल्यावर पैसे यायला महिना-दीड महिना सहज लागतो. म्हणजे स्पॉन्सर अगदी खरा असला, तरी साउंडवाल्याचे पैसे फेस्टच्या रात्री त्याच्याकडून मिळत नाहीत. म्हणून कॉलेजचं पॅन, रद्द केलेला चेक आणि प्राचार्यांच्या सहीचं पत्र यांची फाइल पहिल्या मीटिंगआधीच तयार हवी. पॅन दिलं नाही तर टीडीएस २० टक्क्यांनी कापला जाऊ शकतो.

आणखी एक प्रश्न तोंडावर विचारायचाच: रक्कम जीएसटी धरून की वेगळी? कॉलेजची नोंदणी असेल आणि एक लाख ‘धरून’ ठरले असतील, तर १८ टक्के वजा जाऊन ८४,७४६ रुपयेच उरतात. बजेटमधले हे पंधरा हजार बहुतेक टीमना फेस्ट संपल्यावर सापडतात.

सीएसआर फंडातून, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याच्या निधीतून, पैसे मागणारं पत्र तर लिहूच नका. मार्केटिंगचा फायदा घेऊन दिलेली स्पॉन्सरशिप सीएसआरच्या नियमांत बसत नाही. लोगोच्या बदल्यात सीएसआर मागितलं की आपण नियम वाचलेले नाहीत, एवढंच समोरच्याला कळतं.

आठ मिनिटांचं सादरीकरण आठ मिनिटांत होत नाही

ही चूक सगळ्यात जास्त जिव्हारी लागते, कारण तिची किंमत बाहेरून आलेली मुलं मोजतात.

एका कॉलेजात बिझनेस प्लॅनच्या प्रिलिम्सला २४ टीम होत्या. पाच मिनिटं सादरीकरण, तीन मिनिटं प्रश्न. २४ गुणिले ८ म्हणजे १९२ मिनिटं, म्हणून दहा ते सव्वाएक असा स्लॉट लावला. उद्घाटन लांबलं आणि पहिली टीम १० वाजून ४० मिनिटांनी उभी राहिली. मग कुणाचा लॅपटॉप प्रोजेक्टरला लागेना, कुणाच्या व्हिडिओला आवाज नाही, परीक्षकांना गुण लिहायला मिनिटभर हवंच. प्रत्येक टीममागे बारा मिनिटं गेली. परीक्षकांना अडीचला निघायचं होतं. दोन वाजायला आठ मिनिटं असताना सोळावी टीम संपली. उरलेल्या आठ टीमना तीन-तीन मिनिटं मिळाली, प्रश्न नाहीत. सतरावी टीम पहाटेच्या गाडीने आली होती. त्यांच्या मुलीने पहिल्या स्लाइडवर बोलायला सुरुवात केली आणि खर्चाच्या तक्त्यापर्यंत पोचण्याआधीच घंटा वाजली. निकालात पहिल्या सोळांतल्याच टीम आल्या. संध्याकाळी आठही कॉलेजांचे सीएल (कंटिंजंट लीडर, म्हणजे पाहुण्या कॉलेजच्या चमूचे प्रमुख) टेबलापाशी उभे होते आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

हिशेब टीममागे बारा मिनिटांचाच करा. २४ टीमना २८८ मिनिटं लागतात, म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त. एवढा वेळ एका खोलीत मिळणार नाही, तेव्हा दोन खोल्या, दोन पॅनल, बारा-बारा टीम. दोन पॅनलचे गुण मात्र एका यादीत मिसळू नका. एक परीक्षक ७०च्या पुढे जातच नाही, दुसरा ८५च्या खाली येत नाही. प्रत्येक खोलीतून पहिल्या तीन टीम फायनलला घ्या.

पीपीटी आदल्या रात्री आठपर्यंत मागवा, सोबत पीडीएफही. सगळ्या फाइल एकाच लॅपटॉपवर घ्या आणि प्रत्येक व्हिडिओ त्याच खोलीत, त्याच स्पीकरवर एकदा वाजवून बघा. ‘ऐनवेळी पेनड्राइव्ह लावू’ हा शॉर्टकट बंद करा. चौथ्या मिनिटाला एक घंटा, पाचव्याला दोन, आणि मग माइक बंद, यजमान कॉलेजचा मित्र असला तरी. गुणपत्रिकेवर कॉलेजचं नाव नको, कोड हवा. दर चार टीमनंतर पत्रिकांचा फोटो काढून गुण चढवा. बरोबरी झाली तर कोणता निकष आधी बघायचा, हे नियमावलीत छापलेलं असावं.

सीएलकडून प्रत्येक स्पर्धकाच्या सगळ्या स्पर्धांची यादीही आधीच घ्या. ॲड-मॅडची (जाहिरात स्पर्धेची) फायनल आणि मॉक स्टॉकची (लुटुपुटीच्या शेअर बाजाराची) दुसरी फेरी एकाच वेळी लावली की तीच दोन मुलं दोन्हीकडे अडकतात.

बाकीच्या, थोडक्यात

रजिस्ट्रेशनची फी कुणाच्याही खासगी क्यूआरवर घेऊ नका. कॉलेजच्या खात्यातच घ्या आणि फॉर्ममध्ये १२ आकडी यूटीआर नंबर (यूपीआय व्यवहाराचा क्रमांक) सक्तीचा ठेवा, नुसता स्क्रीनशॉट चालवू नका.

व्हॉट्सॲपवरून आलेला लोगो २० बाय १० फुटांच्या बॅकड्रॉपवर फुटतो. सीडीआर (कोरलड्रॉची फाइल) किंवा व्हेक्टर पीडीएफ मागा, ती कितीही मोठी केली तरी फुटत नाही.

मैदानावर साउंड असेल तर पोलीस ठाण्याची परवानगी लेखी घ्या. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, आणि कॉलेजभोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्रात असेल तर दिवसाही अडचण येते. शेवटचा कार्यक्रम साडेनऊला संपेल असाच लावा.

१५ अँपिअरच्या एका सॉकेटवर जेमतेम तीन किलोवॅट निघतात. स्टेजचे लाइट आणि ॲम्प्लिफायर एकाच लाइनवर टाकू नका.

सर्टिफिकेटवरच्या नावांची यादी सीएलला दाखवा, त्याची सही घ्या, मगच छपाईला पाठवा.