उत्तरेचं वारं सुटायच्या आधी: नव्या अल्पाकावाल्यांसाठी

नोव्हेंबर लागला, इथे ऑस्ट्रेलियात वणव्यांचा उन्हाळा जवळ आला, की मला हमखास फोन येतो. नुकतीच पाच-सहा एकर जमीन घेतलेलं एखादं मराठी जोडपं असतं, दारात चार-पाच अल्पाका (उंटाच्या कुळातली, लोकरीसाठी पाळतात ती जनावरं) आणलेले असतात, आणि प्रश्न ठरलेला असतो: "आग दिसल्यावर निघायला साधारण किती वेळ मिळतो हो?" प्रत्येकाला मी एकच सांगते. आग दिसेपर्यंत थांबायचं, हेच मुळात मनातून काढून टाका. माणसं एक वेळ निसटतील. जनावरं घेऊन निघणाऱ्याला तेवढा वेळ मिळत नाही.

आम्ही इथल्या व्हिक्टोरिया राज्यात, मॅसेडॉन रेंजेसच्या उत्तर अंगाला, काइनटनच्या बाजूला राहतो. माझं माहेर साताऱ्याकडचं. डोंगरावरचे वणवे लहानपणापासून पाहिलेले. रात्री उतारावर लाल रेघ सरकताना दिसायची, गावातली माणसं हिरव्या फांद्यांनी झोडपून ती विझवायची. तोच हिशेब डोक्यात घेऊन मी इथे आले आणि तो पार चुकीचा निघाला. इथला निलगिरी तेलाने भरलेला असतो. त्याच्या सालीच्या लांब पट्ट्या पेटत्या अवस्थेत वाऱ्यावर कित्येक किलोमीटर पुढे जाऊन पडतात आणि तिथे नवी आग धरते. चढावर आग आणखी पळते. दहा अंशांचा चढ असेल तर वेग साधारण दुप्पट होतो. शिवाय ज्वाळा पोचायच्या कितीतरी आधी नुसत्या धगीने माणूस आणि जनावर मरतं.

आणखी एक गोष्ट इथे येईपर्यंत मला कुणी सांगितली नव्हती. वाईट दिवशी वाळवंटाकडून तापलेला उत्तरेचा वारा वाहतो आणि आगीचा लांबट पट्टा दक्षिणेकडे ओढत नेतो. दुपारनंतर किंवा संध्याकाळी नैर्ऋत्येकडून गार वारं येतं. अंगाला ते बरं वाटतं, पण त्याच क्षणी त्या पट्ट्याची सबंध लांब बाजू आगीचं तोंड होते. ७ फेब्रुवारी २००९ ला मेलबर्नचा पारा ४६.४ वर गेला होता, आणि त्या दिवसाच्या आगींनी १७३ माणसं नेली. त्यातही वारं फिरल्यानंतर फार मोठी हानी झाली. आमचा मॅसेडॉनचा डोंगर १६ फेब्रुवारी १९८३ ला जळाला. इथल्या जुन्या लोकांना त्या रात्रीबद्दल एकदा जरूर विचारा. माझ्या शेजारच्या आजोबांनी सांगितलं, तेव्हा मला त्या उन्हाळ्यात नीट झोप लागली नाही, पण त्याचा उपयोग झाला.

आमच्या पहिल्या उन्हाळ्यात काय झालं ते सांगते. जानेवारीतली दुपार होती. पश्चिमेला धूर दिसत होता, पण "अजून लांब आहे" म्हणून आम्ही थांबलो. मी पाणी भरायला गेले तर डोणीतल्या पाण्यावर निलगिरीचं एक पान तरंगत होतं. पूर्ण काळं, कोळसा झालेलं, पण अख्खं. शिरासुद्धा दिसत होत्या. बोट लावलं तशी त्याची राख झाली. मग आमची धांदल उडाली. तेव्हा आमच्याकडे सातच अल्पाका होते, तरी त्यांना पकडून चढवायला दीड तास लागला. घाबरलेला अल्पाका कळप सोडत नाही आणि अनोळखी गाडीत पाय टाकत नाही. ते सगळे सारखे हुंकारत होते, बारीक, एकसुरात, आणि तो आवाज अजून माझ्या कानात आहे. चार चढले, तीन मागे राहिले. दुसऱ्या खेपेला परत आलो तर पोलिसांनी रस्ता बंद केला होता. आग आमच्यापर्यंत आली नाही, ते तिघं वाचले. पण ती रात्र आम्ही गाडीत बसून काढली.

त्या रात्रीपासून आमच्या घरचा नियम झाला: एका खेपेत नेता येतील तेवढेच अल्पाका पाळायचे. आज आमच्याकडे नऊ आहेत, कारण ट्रेलरमध्ये सहा बसतात आणि सीटा काढलेल्या व्हॅनमध्ये तीन. तुमच्याकडे पिल्लं व्हायची असतील तर तीही आधीच मोजून ठेवा. मादी साडेअकरा महिने गाभण असते, म्हणजे हिशेबाला भरपूर वेळ मिळतो.

चढवायची सवय हिवाळ्यात लावायची. आम्ही दर रविवारी ट्रेलर पॅडकमध्ये, म्हणजे कुंपण घातलेल्या कुरणात, उघडा उभा करतो आणि दाण्याचा डबा आतच खडखडवतो. दोन महिन्यांत ते आपणहून चढायला लागतात. गाडी चालू झाली की उंटासारखे पाय दुमडून खाली बसतात, त्यामुळे प्रवासात त्रास देत नाहीत. तळाला रबरी चटई हवी. हॉल्टर (तोंडाला बांधायची मोरकी) बांधताना पट्टा नाकावर वर, डोळ्यांजवळच्या हाडावर बसला पाहिजे. तो पुढच्या मऊ भागावर घसरला तर श्वास कोंडतो, कारण अल्पाका मुख्यतः नाकानेच श्वास घेतो.

आपल्या सणांवर वर्षाची आखणी केली की विसर पडत नाही. दिवाळीच्या सुमाराला लोकर कातरून झाली पाहिजे आणि घराभोवतीचं गवत कापून, पन्हळी साफ करून झाल्या पाहिजेत. संक्रांत म्हणजे ऐन धोक्याचा काळ. होळी येते तेव्हाही आमच्या भागात बहुतेक आगबंदीचा हंगाम चालूच असतो, तेव्हा होळी पेटवायचा विचार करू नका. टोटल फायर बॅन (उघड्यावर आग पेटवायला पूर्ण बंदी) जाहीर झालेल्या दिवशी तुळशीपुढचा दिवासुद्धा मी घरात, देवापाशी लावते. वेल्डिंग, ग्राइंडर त्या दिवशी बंद. गवत कापायच्या यंत्राची एक ठिणगी पुरते.

आगीच्या धोक्याच्या सरकारी श्रेणी आता चार आहेत: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम, कॅटॅस्ट्रॉफिक. आगीचे इशारे देणारं राज्य सरकारचं विक-इमर्जन्सी ॲप फोनवर घ्या आणि त्यांच्या हॉटलाइनचा १८०० २२६ २२६ हा नंबर कागदावर लिहून फ्रिजवर लावा, कारण नेटवर्क जातं. बॅटरीवरचा रेडिओ ठेवा. कॅटॅस्ट्रॉफिक म्हटलं की आम्ही आदल्या रात्रीच निघतो. एक्स्ट्रीम असेल तर पहाटे. कुठे जायचं ते आधीच ठरलेलं असतं: बलारटकडच्या एका मैत्रिणीचं पॅडक, आणि वारा त्या बाजूचा असेल तर बेंडिगोकडचं दुसरं. दोन्हींचा पीआयसी नंबर (जनावरं ठेवायच्या जमिनीचा सरकारी ओळख क्रमांक) लिहून ठेवलाय. तुमच्या जमिनीचाही पीआयसी लगेच काढा, अल्पाकासाठी तो लागतोच. गावातल्या 'शेवटचा आसरा' म्हणून नेमलेल्या जागेच्या भरवशावर राहू नका. तिथे जनावरांची सोय नसते आणि माणसांच्या जिवाचीही हमी नसते.

बरेचदा निघतो आणि काहीच होत नाही, संध्याकाळी परत येतो. शेजारी हसतील असं वाटून थांबू नका. इथे कुणी हसत नाही.

काही कारणाने कळप मागे ठेवावाच लागला, तर शेडमध्ये कोंडू नका. सगळ्यात कमी गवताचं, जवळजवळ उघड्या मातीचं पॅडक त्यांना द्या. आतली फाटकं उघडी, रस्त्याकडची बंद. हॉल्टर काढून टाका, नायलॉन वितळून कातडीला चिकटतो. पाठीवर मार्करने फोन नंबर लिहा. वीज गेली की पंप बंद पडतो, प्लॅस्टिकचा पाइप जळतो, म्हणून पत्र्याच्या टबांमध्ये पाणी आधीच काठोकाठ भरा.

इथे एक पेच आहे, तो नव्या माणसाला माहीत नसतो. आगीसाठी पॅडक अगदी बुडापर्यंत चरलेलं हवं, पण बारमाही रायग्रास नावाच्या इथल्या चाऱ्याच्या गवताचं विष बुडख्याशीच जास्त असतं. उन्हाळ्याच्या शेवटी अल्पाकाची मान थरथरू लागली, चाल लडखडली, तर ते हेच. म्हणून आगीच्या वेळी कळप ठेवायचं ते पॅडक आम्ही कापून घेतो, चरायला देत नाही, आणि त्या दिवसांत कळपाला चांगलं वाळलेलं गवत आणून घालतो. त्याचे गठ्ठे घरापासून आणि शेडपासून लांब रचा. ओलसर बांधलेला गठ्ठा आतून तापून आपोआप पेटतो.

आग नसली तरी चाळीस अंशांच्या दिवशी कळपावर नजर हवी. तोंड उघडून धापा टाकत असेल, खालचा ओठ लोंबत असेल, तर पोटावर आणि पायांवर पाणी मारा. पाठीवर मुळीच नाही. ओली लोकर उष्णता आत धरून ठेवते.

परत आल्यावर पहिलं काम पायांचं. अल्पाकाला घोड्यासारखे खूर नसतात, दोन बोटांखाली मऊ गादी असते, आणि जमीन आतून कितीतरी वेळ तापलेली राहते. भाजलेलं त्या दिवशी दिसेलच असं नाही. दोन-तीन दिवसांनी लंगडणं सुरू होतं. त्यामुळे आठवडाभर रोज सकाळी प्रत्येकाचा पाय हातात घेऊन पाहा, डोळे पाहा, आणि जरा शंका आली तरी व्हेटला बोलवा. आमची सगळ्यात म्हातारी मादी पाय उचलू देत नाही. तिला मी उभ्या उभ्या दाणे खाऊ घालते, तेवढ्यात नवरा खाली वाकून एकेक पाऊल तपासतो.