वायरवर चालणारी चेन सॉ घरी कशी वापरावी: लाकूड मशीनजवळ आणावे, मशीन लाकडाजवळ नेऊ नये

विदर्भातील खेड्यांत पावसाळ्यापूर्वी वर्षभराचे सरपण तोडून कोरड्या जागी रचून ठेवण्याची रीत अजून टिकून आहे. धुऱ्यावरची वाळलेली बाभूळ, वादळात आडवा झालेला कडुनिंब, कोठ्याच्या छपरावर झुकलेली सुबाभळीची फांदी ही कामे आजवर कुऱ्हाडीनेच होत आली. आता तालुक्याच्या हार्डवेअर दुकानात विजेवर चालणारी चेन सॉ सहज मिळते आणि ती अनेक घरांत पोहोचली आहे. पेट्रोलच्या मशीनच्या मानाने ती स्वस्त आणि हलकी असते, तिला दोरी ओढून सुरू करावे लागत नाही आणि धूरही होत नाही. मात्र तिच्या मागे वायर असते, म्हणून या मशीनचे काम झाडापासून नव्हे तर घरातल्या बोर्डापासून आखावे लागते. जमिनीवर पडलेले किंवा घराजवळ आणलेले लाकूड कापण्यासाठी ती उत्तम आहे. उभे झाड पाडण्यासाठी ती वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. झाड पडू लागले की माणसाला ठरवलेल्या वाटेने चटकन मागे सरावे लागते, आणि त्याच क्षणी पायाशी वायर असणे हा फार मोठा धोका आहे.

झाड तोडण्यासंबंधीचा नियमही आधी पाहून घ्यावा. ग्रामीण भागात १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायदा लागू आहे. साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, हिरडा, चंदन यांसारखी झाडे स्वतःच्या वावरातली असली, तरी ती पाडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. विजेच्या तारांना लागणाऱ्या फांद्यांना तर हातच लावू नये. ते काम महावितरणच्या माणसांकडून, तार बंद करूनच करून घ्यावे.

वीज आणि वायर

घरगुती मशीन साधारणपणे १८०० ते २४०० वॅटची असते. २००० वॅटची मशीन २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर विद्युतप्रवाह घेते, म्हणून ती मोबाईल चार्जर किंवा पंखा लावायच्या लहान ६ अँपिअरच्या सॉकेटवर लावू नये. गिझर किंवा पाण्याच्या मोटारीसाठी असते तसे १६ अँपिअरचे सॉकेटच घ्यावे. एक्स्टेन्शनची वायर तांब्याची आणि २.५ चौरस मिलिमीटर जाडीची असावी. ३० मीटर लांबीच्या अशा वायरीत ९ अँपिअरवर सुमारे चार व्होल्टचीच घट येते. तेवढ्याच लांबीच्या ०.७५ चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरीत मात्र बारा व्होल्ट गळतात आणि वायर तापते ती वेगळीच. गावात संध्याकाळी आधीच विजेचा दाब (व्होल्टेज) कमी असतो, त्यात ही गळती जोडली गेली की मशीनचा वेग पडतो, माणूस हाताने जोर लावू लागतो, आतला पंखा मंद फिरल्याने मोटार थंड होत नाही आणि अखेरीस वाइंडिंग जळते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी मल्टीमीटरने दाब पाहावा आणि तो २०० व्होल्टच्या खाली असेल, तर काम दुसऱ्या वेळेवर ढकलावे. वायर रिळावर गुंडाळलेली ठेवून मशीन चालवू नये, कारण गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही आणि वायरीचे आवरण वितळू लागते. ती नेहमी पूर्ण उलगडून घ्यावी.

वावरात विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टर पेटीतून वीज घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. त्या पेटीत तीन फेज येतात आणि अनेक ठिकाणी न्यूट्रल नसतोच. अशा वेळी दोन फेजमध्ये मशीन जोडली गेली, तर तिला २३० ऐवजी सुमारे ४१५ व्होल्ट मिळतात आणि ती जळते, माणसाला झटका बसला तर जीवही जाऊ शकतो. तारेवर आकडा टाकून मशीन चालवण्याचा विचारही करू नये.

घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, बसवलेली असणे, हा या सगळ्या खर्चातला मी सर्वांत मोलाचा खर्च मानतो. वायर चुकून कापली गेली आणि विद्युतप्रवाह माणसाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागला, तर साधा फ्यूज काहीच करत नाही. आरसीसीबी मात्र सेकंदाच्या अंशात वीज तोडते. तिचे टेस्टचे बटण कामाच्या दिवशी दाबून पाहावे. मशीनच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल, तर तिला दुहेरी आवरण आहे आणि तिला अर्थिंगची तिसरी पिन नसते. असे असले तरी घराचे अर्थिंग नीट हवेच. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात आकसते, तिला भेगा पडतात आणि अर्थिंगच्या सळईपासून ती सुटते, म्हणून मार्च ते जून या काळात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे.

वायर मशीनच्या मागच्या मुठीजवळील खाचेत एक वेढा देऊन अडकवावी, म्हणजे ओढ बसली तरी प्लग निघत नाही. ती उजव्या खांद्यावरून मागे सोडावी आणि आपण व लाकूड यांच्या मध्ये कधीही येऊ देऊ नये. वायरीचा रंग भडक केशरी असावा, कारण वाळलेल्या गवतात आणि पऱ्हाटीच्या ढिगात काळी वायर दिसत नाही. बाभळीच्या काट्यांवर वायर ओढू नये. काटा आवरणातून आत शिरतो आणि वरून भोक दिसतही नाही. जोडप्लग जमिनीपासून उचललेला, कोरडा असावा. दव पडलेल्या सकाळी किंवा पाऊस झाल्यावर ही मशीन बाहेर काढूच नये. वायर कापली गेलीच, तर तुटलेल्या टोकाला हात न लावता आधी बोर्डावरून वीज बंद करून प्लग काढावा.

लाकूड आणि जागा

आता शीर्षकातला मुद्दा. लांबच्या धुऱ्यावर मशीन नेण्यासाठी शंभर मीटर वायर जोडण्यापेक्षा, फांद्या कुऱ्हाडीने छाटून ओंडके बैलबंडीने किंवा ट्रॅक्टरने अंगणात आणावेत आणि तेथेच कापावेत. कापणीसाठी जाड लाकडाची, इंग्रजी एक्स अक्षराच्या आकाराची घोडी सुताराकडून करून घ्यावी. तिच्यावर ठेवलेले लाकूड हलत नाही, कमरेच्या उंचीवर येते आणि साखळी मातीला लागत नाही. काळ्या मातीतला बारीक खडा साखळीच्या दात्यांची धार क्षणात घालवतो, हे जमिनीवर लाकूड कापणाऱ्यांना लवकरच कळते. धुऱ्यावरच्या झाडांना कुंपणाची तार बांधलेली असते, कधी खिळा ठोकलेला असतो आणि वर्षानुवर्षे साल वाढून ते आत गडप होतात. म्हणून ओंडका कापण्यापूर्वी सालीवरचा गंजाचा काळपट डाग शोधावा आणि तेथे जाड चुंबक फिरवून पाहावे.

बैल, गायी, कोंबड्या आणि विशेषतः लहान मुले यांना दूर ठेवावे. मशीन चालू असताना कोणीही पाच मीटरच्या आत येऊ नये. कापसाचा ढीग किंवा कुटाराची गंजी जेथे असेल, तेथे ही मशीन चालवू नये. तिच्या मोटारीत कार्बन ब्रश असल्यास त्यांच्याशी ठिणग्या पडतात, आणि कोरड्या कापसाला तेवढे पुरते.

अंगावर काय असावे

सैल धोतर, उपरणे, दुपट्टा किंवा ओढणी, लोंबता पदर यांपैकी काहीही अंगावर नसावे. अंगाला बसणारी पँट, पूर्ण बाह्यांचा सदरा, जाड तळाचे चामडी बूट, चष्मा किंवा चेहऱ्यावरची जाळी आणि कानांवर आवाज रोखणारे साधन आवश्यक आहे. चपलेत हे काम करू नये.

साखळी आणि तेल

साखळीला हात लावण्यापूर्वी प्रत्येक वेळी प्लग काढावा. हा नियम एकदाही मोडू नये. साखळी जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीच्या मध्यावर, साखळी थंड असताना, ती बोटाने खालच्या बाजूने ओढून पाहावी. ती थोडी खाली यावी, पण तिच्या आतल्या कड्या पट्टीच्या खाचेतून पूर्ण बाहेर येऊ नयेत, आणि सोडताच ती जागेवर परतावी. कापताना साखळी तापून लांबते, म्हणून मध्येच थांबून पुन्हा पाहावे. गरम असताना घट्ट केली असल्यास काम संपताच पुन्हा सैल करावी, नाहीतर थंड होऊन आकसताना ती पट्टीवर आणि मोटारीच्या दंडावर ताण देते.

साखळीला तेल पुरवणारी टाकी लहान असते आणि विसरण्याजोगी गोष्ट हीच आहे, म्हणून दर विश्रांतीला टाकी पाहावी. बार ऑइल, म्हणजे साखळी आणि पट्टीसाठीचे खास तेल, न मिळाल्यास नवे, स्वच्छ एसएई ४० इंजिन तेल चालते. ट्रॅक्टरचे जळके तेल घालू नये. त्यातले धातूचे कण तेलपंप बंद पाडतात आणि ते तेल कापताना बारीक तुषारांच्या रूपात त्वचेवर बसते, जे आरोग्याला घातक आहे. मशीन चालवून पट्टीचे टोक पुठ्ठ्यापासून वीतभर वर धरावे. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली की तेल पोहोचते आहे असे समजावे.

प्रत्यक्ष कापणी

मशीन नेहमी दोन्ही हातांनी धरावी. डावा हात पुढच्या मुठीवर, उजवा मागच्या मुठीवर, आणि डाव्या हाताचा अंगठा मुठीच्या खालून पूर्ण वळवलेला असावा. डावऱ्या माणसानेही अशीच धरावी, कारण पुढच्या मुठीसमोरचे संरक्षक आणि ब्रेक याच पकडीसाठी बनवलेले असतात. उभे राहताना आपले शरीर साखळीच्या रेषेत न ठेवता तिच्या डावीकडे ठेवावे.

या मशीनचा सर्वांत मोठा धोका उसळीचा आहे. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला, दुसऱ्या फांदीला किंवा ओंडक्याच्या ढिगाला लागला, की धावत्या साखळीचे दाते तेथे अडकतात आणि सगळी मशीन वर व मागे, म्हणजे चेहऱ्याकडे, फेकली जाते. हे इतक्या कमी वेळात घडते की मनुष्य सावरूच शकत नाही. म्हणून टोकाने कापू नये, ढिगात एकावर एक ठेवलेली लाकडे कापू नयेत, खांद्याच्या वर मशीन उचलू नये आणि शिडीवर किंवा झाडावर चढून ती कधीच चालवू नये. पुढचे संरक्षक धक्का लागताच पुढे जाऊन साखळी थांबवते. ते नीट काम करते की नाही, हे दररोज पाहावे.

साखळी पूर्ण वेगात आल्यावरच लाकडाला लावावी. मशीनवरचे लोखंडी दाते लाकडात रोवून तिला तेथेच टेकवावे आणि हलके खाली झुकवावे. धारदार साखळी आपल्याच वजनाने कापते, जोर लावावा लागला तर थांबून कारण शोधावे. ओंडक्याचे एक टोक घोडीबाहेर लोंबत असेल, तर आधी खालून व्यासाच्या एक तृतीयांश कापावे, मग वरून कापत खालच्या कापाला मिळावे. असे न केल्यास ओंडका वजनाने फाटून तुटतो. दोन्ही टोकांना आधार असेल तर उलट, आधी वरून एक तृतीयांश आणि मग खालून. नाहीतर काप मिटून पट्टी अडकते. पट्टी अडकल्यास मशीन बंद करून प्लग काढावा आणि लाकडाची पाचर ठोकून काप उघडावा, हिसका देऊन ओढू नये. १६ इंची पट्टीवर ३० सेंटिमीटरपर्यंतचे ओंडके आरामात निघतात. त्यापेक्षा जाड बाभूळ, विशेषतः वाळलेली, आरागिरणीत नेणे उत्तम. दहा मिनिटे काम झाले की मोटार थंड होऊ द्यावी, आणि मे महिन्यात तर सकाळी नऊ वाजेपर्यंतच काम करावे.

धार आणि ठेवण

भुशाऐवजी बारीक पीठ पडू लागले, काप तिरका जाऊ लागला, की साखळी बोथट झाली. बहुतेक घरगुती मशीनच्या तीन अष्टमांश इंची लो प्रोफाइल साखळीला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते. कानस आतून बाहेर, एकाच दिशेने, ३० अंशांच्या कोनात फिरवावी. प्रत्येक दात्याला सारखेच फेरे द्यावेत. आधी एका बाजूचे सगळे दाते संपवून मग दुसरी बाजू घ्यावी. दोन्ही बाजूंचे दाते असमान झाले की काप वळतो.

काम संपल्यावर झाकण उघडून मोटारीच्या जाळ्यांतला भुसा ब्रशने काढावा, टाकीतले तेल रिकामे करावे आणि पट्टीवर आवरण घालावे. मशीन व वायर कोठ्यात जमिनीवर न ठेवता खुंटीवर टांगावी, कारण उंदीर वायरीचे आवरण कुरतडतात. आणि पुढच्या वेळी वापरण्यापूर्वी पूर्ण वायर हातातून फिरवून उजेडात तपासावी. कापणी करताना घरात दुसरे माणूस असावे, त्याला मेन स्विच कोठे आहे हे माहीत असावे. झटका लागल्यास आधी मेन बंद करावा आणि मगच माणसाला हात लावावा, जखम झाल्यास स्वच्छ कापडाने घट्ट दाबून १०८ वर फोन करावा.