दोन दिवसांत शेतं आणि समुद्र: आधी भरतीची वेळ बघा

शनिवार-रविवारात पक्ष्यांचे फोटो काढायचे ठरलं की मी लेन्स पुसायच्या आधी भरती-ओहोटीच्या वेळा काढते. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. ज्या दिवशी सकाळच्या उन्हात पाणी चढत असेल तो दिवस किनाऱ्याला, उरलेला शेतांना.

ओहोटीला चिखल लांबवर उघडा पडतो आणि चिखले, तुतवार हे तिथे चरणारे छोटे पक्षी नुसते ठिपके दिसतात. त्यांच्यामागे धावून काही होत नाही. पूर्ण भरतीच्या दोन तास आधी जाऊन बसा. पाणीच त्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. ऊन पाठीशी हवं, म्हणजे पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर सकाळ बरी. बसण्यापेक्षा आडवं व्हा. लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला आली की मागचा चिखल धूसर होतो आणि इवलासा तुतवारही ऐटदार दिसतो. कपड्यांचं काय व्हायचं ते होऊ दे! फक्त परतीची वाट पाण्याखाली जाणार नाही ना, हे आधी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर नक्कीच.

चरणारे पक्षी एकदम माना वर करून थबकले, तर तुम्ही फार जवळ गेलात. तिथेच थांबा. भरतीला ते विसावतात, तेव्हा उडणाऱ्या थव्याच्या फोटोसाठी त्यांना उठवणं मला तरी पटत नाही.

उडत्या पक्ष्याला शटर १/२००० सेकंद, चालत्याला १/८०० पुरतं, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटोवर. गडद पाण्यापुढचा पांढरा बगळा हमखास जळतो, म्हणजे पिसं न दिसता नुसता पांढरा डाग उरतो. तिथे एक्सपोजर (फोटोचा उजळपणा) उणे ०.७ करा. उजळ आभाळापुढच्या काळपट पक्ष्याला उलट अधिक १.

शेतात गाडीतच बसून राहा. माणूस उतरला की उडणारा खंड्या गाडीला बऱ्याचदा खपवून घेतो. इंजिन बंद, खिडकीवर धान्य भरलेली कापडी पिशवी, तिच्यावर लेन्स. उतरलातच आणि टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर अंडी जवळच उघड्या जमिनीवर, खड्यांसारखी पडलेली असतील. पायाखाली बघत, आलात त्याच वाटेने मागे फिरा.

ऊन तापलं की लांबचे फोटो हवेच्या थरथरीने मऊ, म्हणजे अस्पष्ट येतात, महागडी लेन्स असली तरी. तेव्हा झोप काढा.

किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. परतल्यावर कॅमेरा गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. ट्रायपॉडचे पाय धुऊन, उघडे ठेवून वाळवा.