संगीत शिक्षक संघटनेच्या निवडणुकीला उभं राहताय? अर्ज भरायच्या आधी हे करून घ्या

आमसभेची नोटीस आली की सगळे एकच विचारतात, अध्यक्षाला कोण उभा आहे? मला वाटतं त्याच्या आधी हे विचारायला हवं की पुढच्या दोन-तीन वर्षांत काम काय आहे आणि ते करायला कुणाकडे आठवड्याचे किती तास आहेत. मी गोव्यातल्या संगीत शिक्षकांच्या एका संघटनेत आधी साधा सदस्य, मग सहसचिव आणि एकदा निवडणूक अधिकारी म्हणून काम केलंय, त्यामुळे अर्ज कुठे बाद होतात, चांगली माणसं कुठे अडकतात आणि निवडून आल्यावर सहा महिन्यांत कोण गप्प होतं ते जवळून बघितलंय. जे उपयोगी पडेल असं वाटतं ते इथे लिहितोय.

पहिलं काम, संघटनेची घटना मिळवा आणि पूर्ण वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी टाकलेला फोटो चालणार नाही, नोंदणी झालेली प्रत सचिवांकडून मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. त्यात चार गोष्टी शोधा: पदासाठी किती वर्षांचं सदस्यत्व लागतं, लागोपाठ किती वेळा तेच पद घेता येतं, सूचक आणि अनुमोदक किती लागतात, आणि जो मतदानाला येऊ शकत नाही त्याच्या बदल्यात दुसऱ्याने मत दिलेलं चालतं का. प्रत्येक संघटनेचं उत्तर वेगळं असतं, त्यामुळे शेजारच्या भजनी मंडळात असं चालतं म्हणून इकडेही चालेल असं धरू नका.

मग वर्गणी. हे एवढं साधं वाटतं की लोक विसरतात. संस्था नोंदणी कायदा १८६० चा आहे, त्याच्या कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकलीय त्याला मत देता येत नाही आणि तो सदस्य म्हणून मोजलाही जात नाही. म्हणजे तुम्ही स्वतः भरलीत आणि तुमच्या सूचकाची थकलीय तर तुमचा अर्जच अडचणीत. मी निवडणूक अधिकारी होतो तेव्हा एका तबल्याच्या शिक्षकांचा अर्ज याच कारणाने बाद करावा लागला, माणूस कामाचा होता आणि तीस वर्षं शिकवत होता, पण अनुमोदकाची दोन वर्षांची वर्गणी बाकी होती आणि पावती पुस्तकात नाव नव्हतं. मला अजून वाईट वाटतं, पण नियम एकाला लावायचा आणि दुसऱ्याला सोडायचा हे जमणार नव्हतं. तेव्हा तिघांच्याही पावत्या हातात घेऊनच अर्ज भरा.

सरकारी शाळेत किंवा सरकारी संस्थेत नोकरीला असाल तर अजून एक पायरी आहे आणि ती बरेच जण ओलांडूनच जातात. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, १९६४ मधल्या नियम १५ प्रमाणे कुठल्याही संस्थेत निवडणुकीने मिळणारं पद घ्यायचं असेल, किंवा कुणासाठी प्रचार करायचा असेल, तर आधी खात्याची मंजुरी लागते. नुसतं सदस्य असण्याला किंवा कार्यक्रमात हातभार लावण्याला तसा प्रश्न येत नाही, प्रश्न निवडून आलेल्या पदाचा आहे. अर्ज मुख्याध्यापकांमार्फत जातो, उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून नोटीस यायच्या आधीच कामाला लागा.

आता पद कुठलं. अध्यक्ष हे नाव मोठं, पण खरा भार सचिवावर असतो. नोटिसा काढणं, इतिवृत्त लिहिणं, पत्रव्यवहार, सभागृहाचं बुकिंग, कुणाचा दाखला, कुणाची तक्रार, आठवड्याला पाच-सहा तास तर सहज जातात आणि कार्यक्रम जवळ आला की रोजचे दोन. खजिनदाराचं काम कमी दिसतं पण रोजचं असतं, पावती त्याच दिवशी फाडायची, रोकड वहीत त्याच दिवशी लिहायचं, वर्षाअखेर हिशेब तपासनिसाकडे न्यायचा. ज्याला संध्याकाळी चार ते साडेआठ सलग क्लास आहेत आणि शनिवार-रविवारी साथीला जायचं असतं त्याने सचिवपदाला उभं राहण्याआधी घरात बसून खरंच वेळापत्रक मांडावं. नुसतं सदस्य म्हणून कार्यकारिणीवर येणं यात कमीपणा काहीच नाही, उलट पहिल्यांदा येत असाल तर तेच करा, एक टर्म बघा, मग वर जा.

आणि गाणं चांगलं म्हणजे नेतृत्व चांगलं असं समीकरण आपल्याकडे फार आहे. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, दीनानाथ मंगेशकर, जितेंद्र अभिषेकी ज्या मातीतून आले तिथे गाणाऱ्याला मान असणारच, तो असावाच. पण मैफल गाजवणं आणि दीडशे सदस्यांची यादी अद्ययावत ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत, मत मागताना दुसऱ्या कामाबद्दल बोला.

इथे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते गुरु-शिष्याबद्दल, कारण आपली निवडणूक इतर संघटनांसारखी नसते ती याच्यामुळे. आपल्याकडे निम्मे सदस्य एकमेकांचे शिष्य, गुरुबंधू, गुरुभगिनी असतात. मास्तर उभे राहिले की शिष्याला नाही म्हणता येत नाही, आणि शिष्य मास्तरांच्या विरोधात उभा राहिला तर गावात वर्षभर बोललं जातं. म्हणून स्वतःच्या शिष्याकडे मत मागायचंच नाही, क्लासमधे तर अजिबात नाही, विषयसुद्धा काढायचा नाही. तुमच्या गुरूंना कुणाला फोन करायला लावू नका, त्यांच्या एका फोनने दहा मतं मिळतील पण त्या दहा जणांना दाबल्यासारखं वाटेल आणि ते नंतर कामाला येणार नाहीत. सूचक आणि अनुमोदक शक्यतो आपल्या गुरुपरंपरेच्या आणि आपल्या तालुक्याच्या बाहेरचे घ्या, म्हणजे फोंड्यातल्या गायनाच्या शिक्षिकेला म्हापशाच्या व्हायोलिनवाल्या सरांनी सुचवलं आणि काणकोणच्या पखवाजवाल्यांनी अनुमोदन दिलं तर यादी वाचणाऱ्याला न सांगता कळतं की या बाईंना घरच्या माणसांपलीकडेही कुणीतरी ओळखतं. आणि मतदान हात वर करून होत असेल तर गुप्त मतपत्रिकेची मागणी लेखी करा. गुरूंसमोर हात वर करायला लावणं हे शिष्यावर अन्याय करणारं आहे.

प्रचार म्हणजे काय करायचं? माझ्या मते ऐकायचं. नोटीस आणि मतदान यांच्यात तीन-चार आठवडे असतील तर रोज दोन फोन करा, सकाळी दहा ते बारा, कारण संध्याकाळी सगळे शिकवत असतात. उभा आहे हे सांगा आणि विचारा की तुमची अडचण काय. उत्तरं ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल, कारण आपण सगळे संगीत शिक्षक असलो तरी दुखणं प्रत्येकाचं वेगळं आहे. सत्तरी तालुक्यात हार्मोनियम शिकवणाऱ्याला परीक्षा केंद्र लांब पडतं, मुलं आणि पालक घेऊन बसने जायचं म्हणजे अख्खा दिवस. शाळेत तासिका तत्त्वावर असलेल्याला सुट्टीच्या महिन्यात पगार नाही. खाजगी क्लासवाल्याकडे मे महिन्यात अर्धी मुलं येत नाहीत आणि फी मागायची पंचाईत. सासष्टी तालुक्यात पियानो, व्हायोलिन, गिटार शिकवणारे ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या लंडनच्या मंडळांच्या पाश्चात्य संगीत परीक्षांची तयारी करून घेतात, त्यांना वाटतं संघटना फक्त हिंदुस्थानीवाल्यांची आहे, आणि हे वाटणं चुकीचं आहे असं म्हणवत नाही, नोटिसा फक्त मराठीत गेल्या तर अजून काय वाटणार. पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांतून स्वरलिपी वाचायला शिकवणारी परंपरा आपल्याकडे आहे, ती माणसं संघटनेत नसतील तर संघटना अर्धीच. घुमट, म्हणजे मातीच्या भांड्याला कातडं ताणून केलेलं वाद्य, शिकवणारेही आता बरेच आहेत, २०१९ मधे घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली, पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे ते वन्यजीव कायद्यामुळे बंद झालं आणि आता बकऱ्याचं कातडं लावतात, तर त्यांचा प्रश्न असतो की चांगली मढवून देणारी माणसं कुठे मिळतील आणि मुलांना परवडेल अशा किमतीत मिळतील का. हे सगळं वहीत लिहा, नावासकट आणि गावासकट.

त्या वहीतून एक पान काढा, तोच तुमचा जाहीरनामा. एकच पान, मराठीत आणि कोकणीत, जमलं तर इंग्रजीतही. भाषेवरून आपल्याकडे मनं लवकर दुखावतात म्हणून हा खर्च वाचवू नका. त्यात मोठी आश्वासनं टाळा. सरकारकडून मानधन वाढवून आणू असं कुणीही लिहू नये, ते संघटनेच्या हातात नाही. हिंदुस्थानी संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेचं केंद्र कुठे द्यायचं ते मंडळ ठरवतं, आपण नाही, म्हणून केंद्र आणू असंही लिहू नका. असं लिहा:

"सत्तरी आणि धारबांदोड्यातले परीक्षेला बसणारे विद्यार्थी किती याची यादी पहिल्या तीन महिन्यांत गोळा करीन आणि ती जोडून मंडळाकडे केंद्रासाठी लेखी विनंती करीन, पत्राची प्रत सगळ्या सदस्यांना पाठवीन. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचं निवेदन शिक्षण खात्याला देईन, त्याची पोच ग्रुपवर टाकीन. कार्यकारिणीच्या चार बैठकांपैकी एक काणकोणला आणि एक पेडण्याला घेईन. दर तीन महिन्यांनी जमाखर्च सदस्यांना कळवीन."

बघा, यातली प्रत्येक गोष्ट झाली की नाही हे वर्षाने कुणालाही तपासता येतं. असं लिहिणाऱ्याला मी डोळे मिटून मत देईन, मग त्याचा माझा वाद असला तरी.

पॅनल करावं का? काणकोणहून पणजीला यायला सत्तरेक किलोमीटर पडतात, प्रत्येक बैठकीला येणं सोपं नाही, म्हणून उत्तरेतले, दक्षिणेतले, गायन-वादन, पाश्चात्य, शाळेतले आणि खाजगी असे मिळून चार-पाच जण एकत्र उभे राहिले तर काम वाटून घेता येतं. पण पॅनल म्हणजे आमचं सगळं घ्या नाहीतर काहीच नको असा हट्ट नको, मतदाराला प्रत्येक पदाला वेगळा विचार करू द्या. बिनविरोध व्हावं म्हणून ज्येष्ठ मंडळी घरी बोलावून समजूत काढतात, त्यांचा हेतू चांगला असतो, भांडण नको एवढाच. पण तुम्ही मनापासून ठरवून उभे असाल तर नम्रपणे नाही म्हणा. दोन उमेदवार असले की दोघांना कामाबद्दल बोलावं लागतं, एकटा असला की कुणी काही विचारतच नाही. माघार घ्यायचीच असेल तर मुदतीच्या आत आणि लेखी, तोंडी माघारीमुळे मतपत्रिकेवर नाव राहतं आणि मतं फुकट जातात.

तारखेबद्दल थोडं, म्हणजे यंदा नाही तरी पुढच्या वेळी आमसभेत बोलायला. श्रावणात आणि चवथीला निवडणूक ठेवू नका, वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह आणि मग घरोघरच्या आरत्या, भजनवाला माणूस तेव्हा मिळणारच नाही. नोव्हेंबर-डिसेंबर आणि एप्रिल-मेमधे परीक्षा. डिसेंबरात फेस्त, म्हणजे चर्चचे उत्सव, आणि नाताळच्या क्वायरची तयारी. मार्चमधे शिगमो. राहतो तो जूनचा शेवट आणि जुलै, पाऊस असतो पण माणूस घरी असतो.

मतदानाच्या दिवशी बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. पान समोर धरून तेवढंच वाचा, गुरुवंदना आणि स्वतःचे पुरस्कार यात वेळ घालवू नका. कार्यकारिणीच्या सात जागा असतील तर आठ नावांवर खूण केली की ती मतपत्रिका बाद होते, हे तुमच्या बाजूच्यांना आधी समजावून ठेवा, दर वेळी चार-पाच अशाच बाद होतात. मोजणीला तुमचा एक प्रतिनिधी बसवा, समान मतं पडली तर काय करायचं ते मोजणी सुरू व्हायच्या आधी निवडणूक अधिकाऱ्यांकडून मोठ्याने सांगून घ्या, नंतर विचारलं की संशय येतो. आकड्यांच्या कागदावर सगळ्या प्रतिनिधींच्या सह्या झाल्याशिवाय उठू नका.

हरलात तर ती अडचणींची वही निवडून आलेल्या सचिवाला नेऊन द्या, खरंच द्या, त्यातल्या माणसांनी तुम्हाला विश्वासाने सांगितलेलं असतं. ज्याने खाजगीत सांगितलं असेल त्याचं नाव मात्र आधी खोडा.

जिंकलात तर पहिला पंधरवडा कागदांचा. नव्या कार्यकारिणीची यादी आमसभेनंतर चौदा दिवसांच्या आत संस्था निबंधकांकडे द्यायची असते, संस्था नोंदणी कायद्याच्या कलम ४ मधे आहे ते. बँकेत सह्या बदलायला ठराव लागतो, त्याची प्रत आणि तिघांची ओळखपत्रं घेऊन एकदमच जा. जुन्या कार्यकारिणीकडून इतिवृत्त वही, रोकड वही, वापरलेली आणि कोरी पावती पुस्तकं, पासबुक, पॅनकार्ड, नोंदणीचं मूळ प्रमाणपत्र, संघटनेची वाद्यं आणि साउंडचं सामान हे सगळं यादी करून, दोघांच्या सह्या घेऊन ताब्यात घ्या. पेटी आणि तानपुरा वाजवून बघूनच सही करा. आणि ईमेलचा पासवर्ड आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं अ‍ॅडमिनपद त्याच बैठकीत घ्या, आमच्याकडे ते राहिलं होतं आणि परीक्षेचं एक पत्र दोन महिने कुणी उघडलंच नाही.