व्हॅक्यूम ट्यूब अँप्लिफायरमधील उच्चदाबाचा बिघाड शोधताना या चुका टाळा

हीथकिट एसबी-२२० हा दोन ३-५००झेड ट्यूबांवर चालणारा जुना अमेरिकी रेडिओ अँप्लिफायर आजही अनेक हॅम (हौशी रेडिओचालक) वापरतात. त्याच्या ट्यूबांच्या प्लेटला (धन टोकाला) सुमारे ३,००० व्होल्टांचा विद्युतदाब मिळतो. अशा यंत्राचा बिघाड शोधताना सर्वांत घातक चूक होते ती पॅनेलवरच्या मीटरचा काटा शून्यावर आला म्हणजे दाब उतरला असे मानण्याची, कारण मीटरकडे जाणारा रेझिस्टर तुटला असला तरी काटा शून्यच दाखवतो. यात २०० मायक्रोफॅरडचे ८ कपॅसिटर एकसरीत आहेत आणि पूर्ण दाबाला त्यांत सुमारे ११२ जूल ऊर्जा साठते. ती जीव घेऊ शकते. प्रत्येकावरचा ३० किलोओहमचा ब्लीडर (साठलेला भार उतरवणारा रेझिस्टर) शाबूत असेल तर दाब अर्ध्या मिनिटाच्या आत ५० व्होल्टांखाली येतो. एखादा ब्लीडर तुटला असेल, तर बाकीचे रिकामे झाल्यावरही तेवढा कपॅसिटर भारित राहतो. म्हणून प्लग काढून, रेझिस्टर लावलेल्या काठीने दाब उतरवल्यावरही प्रत्येक कपॅसिटरवरचा दाब स्वतंत्रपणे मोजावा.

साधा मल्टीमीटर बहुधा १,००० व्होल्टांपर्यंतच सुरक्षित असतो. त्यापुढे उच्चदाबाचा प्रोबच हवा.

फ्यूज उडाला की मोठा फ्यूज घालणे ही दुसरी चूक. त्याऐवजी दोन्ही ट्यूबा काढाव्यात, प्लेटकडे जाणारी तार सोडवून सुरक्षित बांधावी, झाकण बसवावे आणि पुरवठ्याच्या वाटेत तंतूचा १०० वॉटचा दिवा एकसरीत जोडावा. एलईडी दिवा येथे उपयोगाचा नाही. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर कपॅसिटर नीट भारित होत आहेत. तो प्रखर राहिला तर दोष ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) किंवा कपॅसिटर यांत आहे. ट्यूबा न काढता ही चाचणी केल्यास फसगत होते, कारण ट्यूबांची दोन फिलामेंटच (आतल्या तापणाऱ्या तारा) सुमारे १४५ वॉट खातात आणि दिवा तसाही उजळतो.

ट्यूबेवर घाईने ठपका ठेवू नये, तशीच ओहममीटरने निर्दोष ठरलेली ट्यूबही चांगली समजू नये. ग्रिड (ट्यूबेतली प्रवाह नियंत्रित करणारी जाळी) आणि फिलामेंट एकमेकांना टेकले असतील तर ते ओहममीटरवर दिसते. परंतु वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या ट्यूबेत शिरलेला वायू केवळ हजारो व्होल्टांवर ठिणगी पाडतो, आणि काही व्होल्टांच्या ओहममीटरला त्याचा पत्ताही लागत नाही. अशी ठिणगी पडून गेल्यावर नवी ट्यूब बसवण्यापूर्वी उच्चदाबाची ऋण बाजू आणि चासी (यंत्राचा धातूचा सांगाडा) यांमधले रेझिस्टर तपासावेत. ते तुटले असतील तर ऋण बाजू चासीच्या तुलनेत उच्चदाबाला जाते आणि पॅनेलवरच्या मीटरपर्यंत तो दाब पोहोचतो.