तुटपुंज्या नेटवर पायथनचा कंटेनर
यवतमाळ किंवा गडचिरोली जिल्ह्यातील एखाद्या गावी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर डॉकर (प्रोग्राम आणि त्याला लागणारे सर्व काही कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारे साधन) वापरायचे असेल, तर डॉकरफाईलमधील, म्हणजे इमेज (कंटेनरचा साचा) बांधण्याच्या सूचनांच्या फाईलमधील, ओळींचा क्रम सर्वांत आधी तपासावा. डॉकर बांधणीचे थर, म्हणजे एकेका सूचनेतून तयार झालेले भाग, जपून ठेवतो. मात्र एक थर बदलला की त्याच्या पुढचे सर्व थर नव्याने बांधले जातात. म्हणून आधी केवळ रिक्वायरमेंट्सची फाईल (लागणाऱ्या पायथन पॅकेजांची यादी) कॉपी करून पिप या पायथनच्या साधनाने पॅकेजे बसवावीत आणि उरलेला कोड त्यानंतरच कॉपी करावा, म्हणजे कोडमधला एक स्वल्पविराम दुरुस्त केल्यावर अख्खे जँगो (वेबसाइट बनवण्याचे पायथन पॅकेज) पुन्हा उतरवून घेण्याची पाळी येत नाही. दिवसाचा डेटा पॅक दुपारीच संपतो, तो बहुधा याच चुकीने.

पायाभूत इमेज, म्हणजे जिच्यावर आपली इमेज बांधायची ती पायथनची तयार इमेज, स्लिम (हलकी आवृत्ती) निवडावी. पूर्ण इमेज डिस्कवर १ जीबीच्या आसपास जाते, तर स्लिमचे साधारण तिच्या सातव्या-आठव्या हिश्श्यात भागते. तालुक्याच्या गावी चांगले नेट मिळत असल्यास तिथेच इमेज बांधून डॉकर सेव्ह या आज्ञेने तिची टार फाईल (सर्व काही एकत्र बांधलेली एकच फाईल) करावी, पेनड्राइव्हवर आणावी आणि घरच्या संगणकावर डॉकर लोडने चढवावी. दोन्हीकडचे प्रोसेसर मात्र एकाच प्रकारचे हवेत.

कोडचे फोल्डर कंटेनरमध्ये माउंट करावे (बाहेरूनच जोडावे) आणि डेटाबेससाठी नाव दिलेला व्हॉल्यूम (कंटेनरबाहेर डेटा जपणारी जागा) ठेवावा, कारण भारनियमनाने कंटेनर नुसता थांबतो, पण तो काढून टाकला की त्यातील डेटाही जातो. सर्व्हर ०.०.०.० या पत्त्यावर (बाहेरूनही पोहोचता येईल असा) चालवून कंटेनरचे पोर्ट (संपर्काचा क्रमांक) बाहेरच्या संगणकाशी जोडावे, १२७.०.०.१ वर (फक्त कंटेनरच्या आतूनच पोहोचता येईल असा) चालवल्यास ब्राउझरला काहीच दिसत नाही.